कान्हेरीची नोंदवही

पर्यटनाच्या व्यवहारात अलीकडे एक नवा शब्द रूढ होऊ लागला आहे : 'स्मार्ट पर्यटनस्थळ'. त्याचा अर्थ थोडक्यात असा. एखाद्या स्थळी किती माणसे येतात, कोठून येतात, कोणत्या वाटेने जातात, किती वेळ थांबतात, त्यांना पाणी किती लागते आणि मागे कचरा किती राहतो, या साऱ्याची नोंद यंत्राच्या साह्याने ठेवायची. निरनिराळ्या खात्यांनी आपापल्या नोंदी एकमेकांस द्यायच्या आणि त्यांवरून त्या स्थळाची व्यवस्था लावायची. या नोंदींनाच आज 'डेटा' म्हणतात. युरोपात या कामासाठी शहरांना मान देण्याची प्रथा पडली असून २०१९ साली असा पहिला मान हेलसिंकी आणि लिओं या दोन शहरांना मिळाला. हे सारे ऐकले म्हणजे हा विषय यंत्रज्ञांचा आहे, तुम्हां-आम्हांला त्यात काय कळणार, असे कोणासही वाटेल.

आमचे म्हणणे निराळे आहे. यंत्रे नवी आहेत, प्रश्न जुने आहेत. नोंद कोणी करायची, ती कोणापाशी ठेवायची, कोणाला द्यायची आणि कोणत्या कामासाठी वापरायची, हे ते चार प्रश्न. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी हेलसिंकीपर्यंत जाण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या पूर्वेला कान्हेरीचा डोंगर आहे. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगरावर सुमारे दोन हजार वर्षांच्या नोंदी आहेत, आणि त्या नोंदींचा स्वतःचाही एक इतिहास आहे. तोच आज आपण पाहू.

प्रारंभ शिलालेखांपासून करू. कान्हेरीच्या लेखांत राजांची नावे फार थोडी, पण गृहस्थांची, व्यापाऱ्यांची, कारागिरांची आणि भिक्षु-भिक्षुणींची नावे विपुल आहेत. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात करविले. त्या लेखात दात्यांबरोबर कामावर देखरेख करणाऱ्यांची, पाथरवटांची आणि दगड घोटणाऱ्याचीही दखल घेतलेली आहे. कोठे कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, त्याची नोंद त्या टाक्याजवळच आहे. कल्याण, सोपारा, नाशिक, चौल अशी दात्यांची गावे वाचत गेले म्हणजे त्या काळच्या व्यापारी मार्गांचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

यांतील एक लेख आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सोळाव्या वर्षी कल्याणचा व्यापारी अपरेणुक याने ८१ क्रमांकाचे लेणे संघाला दिले. केवळ लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने दोनशे कार्षापणांची कायम ठेव ठेवली आणि मंगलस्थान गावातील एक शेतही लावून दिले. यालाच 'अक्षयनीवी' म्हणत. मुद्दल कोणी खर्चायचे नाही, त्याच्या उत्पन्नातून तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूला वस्त्र आणि ठरावीक द्रव्य द्यायचे, असा तो व्यवहार. मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे. बोरिवली पूर्वेला ज्या नावाचा बसथांबा आपण रोज पाहतो, त्या गावातील एका शेताचा हिशेब कान्हेरीच्या भिंतीवर कोरलेला आहे!

या लेखात नोंद ठेवण्याची जी पद्धत दिसते तिचा थोडा विचार करू. देणारा कोण, कोठला, केव्हा दिले, काय दिले, कशासाठी दिले आणि ते कोणी पाळायचे, या सर्व बाबी एका ठिकाणी आहेत. ही नोंद दात्याच्या घरी पेटीत ठेवलेली नाही. ज्यांना तिचा लाभ मिळायचा आणि ज्यांनी ती पाळायची, त्या सर्वांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ती कोरली आहे. ती कोणालाही वाचता यावी, म्हणून कोणालाही मोडता येऊ नये, असा त्यातील हेतू दिसतो. पुढे नवव्या शतकात, शिलाहार पुल्लशक्ती आणि कपर्दी यांच्या अमलात, शके ७६५ पासून शके ७९९ पर्यंतच्या लेखांतही हीच पद्धत चालू आहे. एका अमात्याने पूजेसाठी, डागडुजीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि पोथ्यांसाठी वेगवेगळी रक्कम नेमून दिली. दूरच्या गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकराने शंभर द्रम्मांची देणगी दिली. रक्कम आणि तिचा हेतू यांची गाठ बांधून ठेवण्याची ही शिस्त आज हजार-अकराशे वर्षांनंतरही वाखाणण्यासारखी आहे.

आता पाहुण्यांकडे वळू. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही लेख आहेत. इराणी यज्दगर्दी शकाची ३७८ आणि ३९० ही वर्षे त्यांत दिलेली असून ती इसवी सन १००९ आणि १०२१ शी जुळतात. त्यांत दान नाही, राजाज्ञा नाही. अमुक दिवशी, अमुक महिन्यात, अमुक अमुक स्वधर्मीय मंडळी या स्थळी आली, एवढेच आहे. आणि खाली नावे व पित्यांची नावे. पारशी समाजाच्या इतिहासात या लेखांना मोठे स्थान आहे. आमच्या आजच्या विषयापुरते पाहिले, तर ही मुंबई परिसरातील पाहुण्यांची एक फार जुनी नोंदवही म्हणावी लागेल. बौद्ध स्थळ पाहावयास जरथुस्त्री मंडळी यावी आणि त्यांनी आपली नावे तेथे निर्धास्तपणे लिहून ठेवावी, ही गोष्ट त्या काळच्या वातावरणावरही प्रकाश टाकते. ही नावे त्यांनी स्वतः, आपल्या इच्छेने, आपल्या लिपीत लिहिली, ही बाब श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

त्यानंतर काळ बदलला. संघ विस्कटला, विद्या पांगली आणि ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नाही. लेख भिंतीवर होते तसेच होते. पण ज्याला किल्ली हरवली आहे अशा कुलुपासारखी त्यांची स्थिती झाली. अशा वेळी माहितीची जागा आख्यायिका घेतात. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने कान्हेरीतील भुयाराची कथा सांगितली आहे. ते थेट खंबायतेपर्यंत जाते असा समज होता, आणि आंतोनियो दो पोर्तो नावाचा पाद्री बरोबर माणसे घेऊन सात दिवस त्यात चालत राहिला व शेवट न सापडता परतला, असे तो लिहितो. १६७५ साली इंग्रज वैद्य जॉन फ्रायर येथे येऊन गेला. १७६० साली फ्रेंच पंडित आंकतील द्युपेराँ आला आणि त्याने लेण्यांमागून लेणी हिंडून वर्णन लिहिले. या प्रवाशांच्या डोळ्यांपुढे शंभराच्या आसपास लेख होते. त्यांतील प्रत्येक लेख त्यांना सांगत होता की हे कोणी केले आणि का केले. परंतु कोणासही तो ऐकू येत नव्हता. नोंद असणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा कान्हेरीचा पहिला धडा.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. मुंबईत १८०४ साली स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या ग्रंथात, १८१९ साली, हेन्री सॉल्ट याचा साष्टीच्या लेण्यांवरील निबंध छापून आला. त्याने ही लेणी १८०६ मध्ये पाहिली होती. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीची उकल केली आणि हरवलेली किल्ली सापडली. लगेच १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड याने मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप उकरला. आत रक्षा असलेले तांब्याचे कलश आणि दोन ताम्रपट निघाले. एका ताम्रपटावर संवत् २४५, म्हणजे इसवी सन ४९४-९५, असा त्रैकूटकांच्या राज्यातील काळ होता आणि सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुचीने येथे चैत्य उभारल्याची हकीकत होती.

या ताम्रपटाचे पुढे काय झाले? तो हरवला. स्तूपाच्या पोटात साडेतेराशे वर्षे सुखरूप राहिलेली वस्तू माणसाच्या हाती आल्यावर नाहीशी झाली. सुदैवाने बर्डने अक्षरांची प्रतिकृती छापून ठेवली होती. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरि-चेदि संवताचे लेख प्रसिद्ध केले, तेव्हा मूळ पत्रा नसताना ते हा लेख वाचू शकले ते त्या छापील प्रतीच्या बळावर. बर्डने स्तूप ज्या पद्धतीने उकरला तिची तरफदारी आज कोणी करणार नाही. परंतु त्याने प्रत काढून ती दहा ठिकाणी पोचवली, एवढ्या एका गोष्टीने बुद्धरुची वाचला. माहिती एकाच पेटीत कोंडली तर ती पेटीबरोबर जाते. वाटली तर टिकते. हा दुसरा धडा.

नोंदी वाटून घेण्याचे काम पद्धतशीर व्हावे म्हणून मुंबईत १८४८ साली लेण्यांसाठी एक आयोग नेमण्यात आला. त्याच्या आगेमागे निरनिराळ्या पेशांची माणसे या कामाला लागलेली दिसतात. एडवर्ड वेस्ट हा जी. आय. पी. रेल्वेचा इंजिनियर. रुळांची मोजमापे घेणाऱ्या या गृहस्थाने कान्हेरीच्या लेखांच्या नकला केल्या, लेण्यांचा नकाशा काढला आणि १८६१ च्या सुमारास ते सारे एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे पहलवी लेखही त्यानेच वाचले. डॉ. भाऊ दाजी वैद्य, पंडित भगवानलाल इंद्रजी संशोधक, बर्जेस सर्वेक्षक, ब्यूलर संस्कृतज्ञ. १८८१ मध्ये भगवानलाल आणि बर्जेस यांचे लेण्यांतील लेखांचे पुस्तक निघाले, १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने कान्हेरीचे तपशीलवार वर्णन दिले आणि १८८३ मध्ये ब्यूलरची वाचने आली. प्रत्येकाने आधीच्याचे काम पुढे ठेवून त्यातील चुका दुरुस्त केल्या. ही परंपरा थेट १९९१ पर्यंत येते. त्या वर्षी डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या सहकार्यात एक अडचण मात्र वारंवार येई, आणि ती मनोरंजक आहे. लेण्यांना क्रमांक देताना प्रत्येकाने आपापल्या वाटेने मोजले. त्यामुळे एकाचे लेणे दुसऱ्याच्या यादीत भलत्याच आकड्याखाली सापडते. ज्याला दरबार लेणे म्हणतात ते जुन्या ग्रंथांत दहावे आहे, आज ते अकरावे आहे. कोणता लेख कोणत्या लेण्यातला हे ठरविण्यात अभ्यासकांचा किती काळ गेला असेल! दोन खात्यांनी आपल्या नोंदी एकमेकांस दिल्या, पण एकाच वस्तूला दोघांनी दोन नावे ठेवली, तर ती देवघेव निष्फळ ठरते. आजचे संगणकतज्ज्ञ ज्या समान सांकेतिक क्रमांकांचा आग्रह धरतात, त्याचे कारण कान्हेरीच्या अभ्यासकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता आजची स्थिती पाहू. कान्हेरीचा डोंगर ज्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरले असून वनखात्याकडे आहे. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. उद्यानातील १८६० चा विहार तलाव आणि १८७९ चा तुळशी तलाव यांचे पाणी महानगरपालिकेचे. पाहुणा उतरतो तो रेल्वेच्या बोरिवली स्थानकावर. त्याला उद्यानाच्या दारात एक तिकीट आणि लेण्यांच्या दारात दुसरे तिकीट घ्यावे लागते. म्हणजे एकाच माणसाची नोंद दोन वह्यांत होते. पहिल्या वहीला ठाऊक नसते की तो लेण्यांपर्यंत गेला की नाही, दुसरीला ठाऊक नसते की त्याच दिवशी उद्यानात एकूण किती माणसे आहेत. पावसाळ्यातल्या रविवारी वरच्या वाटेवर गर्दी दाटली, तर ते खाली स्थानकावर उतरणाऱ्याला वेळीच कळावे, एवढी साधी सोय या वह्या एकत्र वाचल्या तर होऊ शकते. 'स्मार्ट' या शब्दाचा आम्ही लावलेला अर्थ एवढाच आहे.

अशी देवघेव येथे होऊच शकत नाही, असे मात्र नाही. २००४ साली बिबळ्यांच्या हल्ल्यांनी ही उपनगरे हादरली होती. पुढे २०११ पासून वनखाते, शास्त्रज्ञ आणि उद्यानाच्या कडेला राहणारे नागरिक यांनी मिळून माहिती गोळा करण्यास आरंभ केला. झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांतून बिबळ्यांची छायाचित्रे घेतली गेली. प्रत्येक बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. तिच्यावरून २०१५ मध्ये ३५ बिबळे ओळखता आले. कचऱ्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांच्या ओढीने बिबळ्या वस्तीकडे येतो, हे कळल्यावर कचरा उचलणे हाही बिबळ्यापासून संरक्षणाचा उपाय ठरला. येथे तीन पक्षांची माहिती एकत्र आली नसती, तर भीती आणि पिंजरे एवढेच हाती राहिले असते. परंतु याच उदाहरणाला दुसरी बाजूही आहे. अमुक बिबळ्या रोज अमुक नाल्यावर पाणी प्यायला येतो, ही माहिती जगजाहीर करणे म्हणजे शिकाऱ्याच्या हाती नकाशा देणे होय. तेव्हा वाटून घेणे म्हणजे सर्वांना सर्व सांगणे नव्हे. कोणाला काय आणि कशासाठी, हा विवेक त्यात हवाच.

हा विवेक माणसांच्या बाबतीत तर अधिकच हवा, आणि त्याचेही उदाहरण याच डोंगरात आहे. उद्यानातील झोपड्या हटविण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. पर्यायी घराला पात्र कोण, याचा आधार १ जानेवारी १९९५ ची मतदारयादी हा धरण्यात आला आणि पात्र कुटुंबांना सात हजार रुपये भरावयास सांगण्यात आले. जंगल राखावे की नाही हा वाद आम्ही येथे काढीत नाही. शहराला पाणी आणि हवा देणारे जंगल राखलेच पाहिजे. आमचे लक्ष त्या यादीकडे आहे. मतदारयादी मत देण्यासाठी केलेली असते. नाव नोंदविताना हा कागद पुढे आपल्या छपराचा दाखला होणार आहे, असे कोणास वाटले असेल? एका कामासाठी केलेली नोंद दुसऱ्या कामाला लागली, आणि ज्याचे नाव तीत होते त्याची व ज्याचे नव्हते त्याची वाट निराळी झाली. याच उद्यानात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. उद्यान ही सरकारी नोंद होण्यापूर्वीपासून ही माणसे या डोंगरात राहत आली आहेत. नोंदवहीत नाव नसणे हीदेखील माणसाची एक हानीच असते.

येथे अपरेणुकाची आठवण करावी. त्याचे शेत कशासाठी, हे त्याने दगडावर लिहून ठेवले होते. आजच्या पाहुण्याचे काय? त्याच्या खिशातील फोन तो कोठे उभा आहे हे सांगत असतो, दारावरचा कॅमेरा त्याचा चेहरा टिपत असतो, तिकीट काढताना त्याचा क्रमांक जमा होतो. १००९ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आपल्या हाताने लिहिली. आज पाहुण्याची नोंद त्याच्या नकळत लिहिली जाते, आणि ती कोणाच्या हाती जाईल हे त्याला ठाऊक नसते. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ मध्ये केला. कोणत्या हेतूने माहिती घेतो ते सांगावे, संमती घ्यावी आणि त्या हेतूपुरतीच ती वापरावी, असे त्याचे सूत्र आहे. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही आहे. पर्यटनस्थळांच्या बऱ्याचशा नोंदी सरकारी खात्यांच्याच हाती असल्यामुळे नागरिकांनी या तरतुदीकडे डोळेझाक करून चालणार नाही.

या दोन हजार वर्षांच्या वाटचालीतून आम्हांला एक भेद स्पष्ट दिसतो. स्थळाची माहिती ही सर्वांची आहे. कोणते लेणे कोणी केले, आज गर्दी किती, पाणी किती, निधी किती आला आणि कशावर खर्च झाला, हे उघड असावे, एकाच क्रमांकाने ओळखले जावे आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी जपले जावे. माणसाची माहिती मात्र त्या माणसाची आहे. ती त्याच्या संमतीने, सांगितलेल्या हेतूपुरती घ्यावी आणि काम झाले की ठेवू नये. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. स्थळाची माहिती खात्यांच्या कपाटात बंद राहते आणि पाहुण्याची माहिती बाजारात फिरते. स्थळ खऱ्या अर्थाने शहाणे व्हायचे असेल, तर प्रथम ही उलटापालट सुधारली पाहिजे.

हे काम केवळ सरकारचे आहे असे आम्ही मानीत नाही. आपल्या उपनगरांत कान्हेरीखेरीज अंधेरीची महाकाली लेणी आहेत, जोगेश्वरीचे लेणे आहे, बोरिवलीचे मंडपेश्वर आहे, एकसरला नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आहेत. यांच्या शेजारी वर्षानुवर्षे राहणाऱ्या कित्येकांना त्यांची वार्ताही नसते. गेल्या काही वर्षांत मुंबई विद्यापीठातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी साष्टी बेटाची गावोगाव पाहणी केली आणि तीत विद्यार्थ्यांना व हौशी नागरिकांना बरोबर घेतले. देवळाच्या पारावर, शाळेच्या आवारात, इमारतींच्या मधल्या बोळात पडलेल्या मूर्ती आणि लेखांकित शिळा त्यांनी नोंदविल्या. वेस्ट रेल्वेचा इंजिनियर होता, भाऊ दाजी वैद्य होते. आपल्यातही इंजिनियर आणि वैद्य पुष्कळ आहेत. ज्याच्या गल्लीत जो जुना दगड असेल त्याचे मोजमाप, छायाचित्र आणि नेमके ठिकाण त्याने अभ्यासकांकडे पोचवावे, आणि स्वतःपाशीही एक प्रत ठेवावी.